मूल कोणाची वाणी ऐकत आहे?

(वाचावें: १ शमुवेल, अध्याय ३)

शिलो येथील मंदिरांत बाळ शमुवेलानें रात्रीं हांक ऐकली, तेव्हां तो धांवला तो थेट वृद्ध एलीकडे. एकदां नव्हे, तीनदां. ह्या अध्यायावर बोलतांना आपण शमुवेलाच्या आज्ञाधारकपणाची पुष्कळ स्तुति करितों, एलीविषयीं मात्र थोडें बोलतों. स्वतःचे पुत्र त्याला आवरतां आले नाहींत, हें खरें. तरी झोपमोड झाली म्हणून तो रागावला, असें कोठें लिहिलेलें नाहीं; आणि हांक कोणाची, हें ओळखण्यास मुलाला त्यानेंच साहाय्य केलें.

आज आपल्या मुलांनाही मोबाईलमधून एक वाणी ऐकूं येते. सन २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी हें बोलकें यंत्र लोकांपुढें आलें. तें मराठींत उत्तर देतें, गणित समजावितें, धीरही देतें. मुलाला वाटतें, आंत कोणी तरी आहे. मोठ्यांनाही तसेंच वाटतें. १९६६ सालीं अमेरिकेंत जोसेफ वायझेनबॉम ह्या विद्वानाची एलायझा नांवाची साधी संगणकीय रचना प्रसिद्ध झाली. ती बहुधा आपलेच शब्द फिरवून आपणांस परत विचारी. तें काम महिनोंमहिने पाहिलेल्या त्याच्या लेखनिक बाईनेंही तिच्याशीं बोलतांना त्याला खोलीबाहेर जाण्यास सांगितलें!

तेव्हां मुलाला सांगा कीं, आंत कोणी नाहीं. माणसांनीं लिहिलेल्या अफाट मजकुरावरून, कोणत्या शब्दापुढें कोणता शब्द यावा ह्याचा हिशेब करून तें यंत्र वाक्य जुळवितें. वाक्य सुबक होतें; खरें होईलच असें नाहीं. न्यूयॉर्कच्या वकिलांनीं त्यानें रचलेले, कधींही न झालेले निवाडे न्यायालयापुढें ठेविले, आणि २०२३ सालीं त्यांस ५,००० डॉलर दंड झाला. जेथें वकील फसतात, तेथें चौथींतल्या मुलाला काय बोल लावावा?

मोबाईल हिसकावूं नका. (तुम्ही निजल्यावर तो पुन्हा हातीं जातो, हें आपण सर्व जाणतों.) शेजारीं बसा व म्हणा, "काय सांगितलें त्यानें? मला वाचून दाखीव बरें." जिला अक्षरओळख नाहीं त्या मातेनेंही हें करावें, पेरणीविषयीं यंत्र चुकीचें बोललें, तर तें तिच्या ध्यानांत येईल. नांव, शाळा, छायाचित्र, घरांतील भांडणें त्याला सांगूं नयेत. तें सर्व दूरच्या कंपनीच्या हातीं जातें.

परंतु मूल आपली भीति, आपला अपमान, जीव नकोसा झाल्याची गोष्ट रात्रीं त्या यंत्रालाच सांगत असेल, तर त्याचें कारण आपण आपल्या घरांत शोधावें. यंत्र थकत नाहीं, खेकसत नाहीं. आपण थकतों. एलीही थकलेला होता, त्याची दृष्टि मंद झाली होती. तरी अंधारांत शमुवेल त्याच्याकडेच धांवला. आपल्या मुलानें आज रात्रीं आपणांस उठविलें, तर त्याच्या कानीं पहिला शब्द कोणता पडेल?