अलंकाराचा लोप आणि वस्तूची साक्ष

नित्य वापराच्या वस्तूंवरील अलंकरण ओसरले, ही घटना सामान्यतः अभिरुचीच्या इतिहासात जमा केली जाते. वस्तुतः तिच्यामागे एक नैतिक युक्तिवाद उभा आहे. वास्तुकार अडॉल्फ लोस याने 1910 साली व्हिएन्नात दिलेल्या ‘अलंकार आणि गुन्हा’ या व्याख्यानात अलंकरणाला विरोध केला, तो केवळ ते कालबाह्य झाले म्हणून नव्हे. त्यात कारागिराचे श्रम व्यर्थ जातात आणि त्यांचा पुरेसा मोबदलाही त्याला मिळत नाही, म्हणून. या मांडणीतील वंशश्रेष्ठत्वाचा दर्प त्याज्यच आहे. परंतु तेवढ्याने श्रमाचा प्रश्न निकालात निघत नाही.

वस्तू आधी पूर्ण होते आणि अलंकार तिच्यावर मागाहून चढविला जातो, हे लोसचे गृहीतक. आनंद कुमारस्वामी यांनी 1939 सालच्या निबंधात ते मुळातूनच नाकारले. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. तेव्हा अलंकार म्हणजे वस्तूला तिच्या कार्यासाठी पुरेशी करणे. अलंकार काव्यशरीरावरील कटककुंडलांसारखे, की काव्यत्वाचेच घटक, हा संस्कृत साहित्यशास्त्रातील वाद येथे वस्तूंच्या संदर्भात पुन्हा उभा राहतो.

पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम या दृष्टीने उद्बोधक ठरते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके ओळीने पडतात, तसा पत्रा कठीण होत जातो, आणि त्याच ठोक्यांची झळाळती नक्षी त्यावर उमटते. उपयोग कोठे संपतो आणि अलंकार कोठे सुरू होतो, हे येथे सांगता येत नाही. प्रत्येक ठोका केलेल्या श्रमाची साक्ष असतो. अर्थात त्या श्रमाला जातिबद्ध व्यवसायाची चौकट होती, हे विसरून केलेले गौरवीकरण केवळ स्मरणरंजन ठरेल.

स्टेनलेस स्टीलच्या गुळगुळीत भांड्याने ही साक्ष पुसली. पण त्याने कल्हई आणि चिंचेने घासणेही संपविले. अलंकृत वस्तूची किंमत घडविणाऱ्याइतकीच ती रोज उजळणारी स्त्रीही मोजत होती. लोसच्या लक्षात न आलेला हा श्रम जमेस धरला, तर त्याचा पक्ष अधिकच बळकट होतो. तरीही याच निरलंकृत स्टीलवर मराठी घरांनी नावे घातली: कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी दिले. ठिपक्याठिपक्यांची ही अक्षरे पाणी भरण्याच्या कामी येत नाहीत. परंतु त्यांच्यावाचून ते भांडे त्या घरापुरते ‘अलम्’ होत नाही. कारागिराची साक्ष गेली, तेथे नात्याची साक्ष आली.

आज साच्यात दाबून काढलेल्या भांड्यांवरही मठाराचे ठोके दिसतात. लोसची तक्रार मोबदल्याविना झालेल्या श्रमाची होती. येथे श्रमाविनाच श्रमाची खूण विकली जाते. म्हणून वस्तू अलंकृत आहे की नाही, हा प्रश्न आता अपुरा आहे. तिच्यावरील खूण कोणाच्या वतीने साक्ष देते, आणि ती साक्ष खरी आहे काय, हा खरा नैतिक प्रश्न होय. निरलंकृत भांडे निदान खोटे बोलत नाही.