स्वस्त वस्तऱ्याची धार

स्वस्त वस्तरा बोथट निघाला की आपण पोलादाला दोष देतो. हा निवाडा न्याय्य केव्हा ठरतो? अशी पाती बहुधा कारखान्यातून नुसती घासून येतात. दाढीची धार पुढे आपणच लावायची असते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून पाते सरकवावे. आधी १००० क्रमांकाचा दगड, मग ८००० चा, शेवटी चामड्याचा पट्टा. तेथे मात्र पाठ पुढे. जोर केल्यास कोवळी धार वाकते. उपदेशकाच्या १० व्या अध्यायात बोथट लोखंडाला अधिक बळ लागते असे म्हटले आहे खरे, पण ते घाव घालताना. वर्गातल्या ‘ढ’ ठरवलेल्या मुलासाठी इतके तास कोण देतो? काही पाती मुळातच पिळलेली असतात, हे मान्य. मात्र तेही दगडावरच उमगते. मुळाकडचा भाग टेकतो, टोक अधांतरी राहते.