न दिसणारे फळ

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी बंदिवानांपुढे रविवारमागून रविवार गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तेव्हापासून फलाची आस न धरता कर्म करावे, हा उपदेश खानदेशाला परका राहिलेला नाही. तथापि जळगाव-धुळ्याकडील एखाद्या श्रद्धाळू वृद्धाला रक्तदाब नियमाने मोजण्यास सांगितले, की 'माले काहीच तरास नही' असे म्हणून तो वर विचारतो, देह जर नश्वर आणि आयुष्याची दोरी जर देवाच्या हाती, तर दंडाला पट्टा बांधून आकडे लिहीत बसणे ही देहासक्तीच नव्हे काय? आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. घटकेघटकेला यंत्र लावून प्रत्येक आकड्यासरशी धास्तावणारी माणसे आसक्तच होत.

परंतु या मोजणीचे स्वरूप पाहावे. रक्तदाब झोपेत उतरतो, पहाटे चढतो, रागाने आणि कित्येकांचा तर केवळ दवाखान्याच्या दर्शनानेही वाढतो. म्हणून एका दिवसाचा आकडा ही रोजकीर्दीतली एक रक्कम, आणि खरी बाकी कळते ती वर्षानुवर्षे लिहिलेल्या खतावणीवरूनच. दाब दीर्घकाळ चढा राहिला, म्हणजे हृदयाचा डावा कप्पा त्याविरुद्ध जोर लावून लावून जाड होतो, रोहिण्या ताठरतात, आणि हे सारे बहुधा कोणतीही वेदना न होता घडते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ पासून पाच हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची तपासणी वर्षानुवर्षे होत राहिली, तेव्हा कुठे चढा दाब आणि हृदयविकार यांचे नाते जगापुढे स्पष्ट झाले.

आता फळाचा विचार करू. ताप उतरला की औषधाचा गुण डोळ्यांना दिसतो. पण दाब ताब्यात ठेवणाऱ्याचे फळ म्हणजे न आलेला झटका, न झालेला पक्षाघात, आणि जे घडलेच नाही ते आपल्या पथ्याने टळले की मुळातच येणार नव्हते, हे त्याला मरेपर्यंत कळत नाही. हजारोंच्या दफ्तरात जो लाभ ढळढळीत दिसतो, तो एकट्याच्या पदरात पडूनही त्याला दाखवता येत नाही. फलाची आस धरण्याची सोयच ज्या कर्मात नाही, त्याला आसक्ती कसे म्हणावे?

मनोनिग्रहासाठी गीतेने अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगितली. येथेही दोन्ही लागतात. अभ्यास असा, की चहा-तंबाखूला अर्धा तास आधीच रजा द्यावी, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, न बोलता दोनदा मोजावे, तारीखवार लिहावे, पापड-लोणच्यातले मीठ आवरावे आणि बरे वाटते म्हणून गोळी आपल्या मर्जीने बंद करू नये. वैराग्य असे, की वही मिटल्यावर आकडा मनात घोळवू नये; त्याचा अर्थ लावण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे. आयुष्य देवाचे, असे जो मानतो, त्याने तर हा हिशेब अधिकच चोख ठेवला पाहिजे. कारण ठेव दुसऱ्याची असली, म्हणजे तिची हेळसांड करण्याचा अखत्यार आपल्याकडे उरत नाही.