लेकरांच्या चालीने



शाळांच्या परीक्षा संपत आल्या की आपल्या धर्मग्रामात सहलींचे बेत सुरू होतात. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात दोन मिनिटे उभे राहिले तरी कानावर पडते, कोण अलिबागला निघाले आहे, कोण मुरूडला, कोणाला थेट हरिहरेश्वर गाठायचे आहे. पूर्वी वाडीतली माणसे मिळून एक बस करीत. आता घरोघरी मोटार आली, त्यामुळे आईवडील, दोन लहान मुले आणि जमल्यास आजी एवढाच मेळ निघतो. यात वावगे काही नाही. संत थॉमस अक्विनास यांनी खेळ आणि विरंगुळा यांनाही सद्गुणात जागा दिली आहे. तेथे ते संत योहानाची जुनी कथा सांगतात. योहान शिष्यांबरोबर खेळत बसलेला पाहून कोणाला तरी ते खटकले, तेव्हा योहानाने त्याला धनुष्य ताणायला सांगितले आणि विचारले, हे सतत असेच ताणून ठेवले तर काय होईल? मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच आहे.

मग यात नैतिक प्रश्न कोठे आला? आमच्या मते तो बेत आखण्यातच आहे.

दोन दिवसांचा एक नेहमीचा बेत पाहा. शनिवारी पहाटे चारला वसई सोडायची. घोडबंदर, ठाणे, पनवेल, वडखळ करीत नऊपर्यंत अलिबाग. कुलाबा किल्ला, मग काशीद, दुपारी राजपुरीहून बोटीने जंजिरा, संध्याकाळी आगरदांड्याहून जंगल जेटीने पलीकडे दिघी आणि रात्री दिवेआगर. रविवारी हरिहरेश्वर, श्रीवर्धन आणि मध्यरात्रीपर्यंत घर. कागदावर बेत चोख दिसतो. पेट्रोलचा हिशेब आहे, जेवणाची हॉटेले ठरली आहेत. फक्त मागच्या सीटवर तीन वर्षांचे एक आणि सहा वर्षांचे एक मूल आहे, हे या कागदावर कोठेच दिसत नाही. तीन वर्षांच्या मुलाला जंजिरा म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्याला वाळू हवी असते, पाणी हवे असते आणि एकच खड्डा पाच वेळा खणायचा असतो. सहावी वेळ आली की बाबा म्हणतात, चला, उशीर होतोय. कशाला उशीर होतोय, हे त्या मुलाला कोणी सांगू शकत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात तेहतिसाव्या अध्यायात एका प्रवासाचे वर्णन आहे. वीस वर्षांनी याकोब आपला भाऊ एसाव याला भेटतो. एसावाबरोबर चारशे माणसे आहेत. भेट गोड होते आणि एसाव म्हणतो, चल, आता बरोबरच पुढे जाऊ. याकोब नम्रपणे नकार देतो. लेकरे कोवळी आहेत, कळपात दूध पाजणाऱ्या मेंढ्या आणि गाई आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तरी मरतील. आपण पुढे व्हावे, मी जनावरांच्या आणि लेकरांच्या चालीने सावकाश येतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. आता काही अभ्यासक म्हणतात की ही निव्वळ सबब होती, कारण याकोब भावाच्या मागून सेईरला गेलाच नाही, तो सुक्कोथकडे वळला. असेलही. याकोबाचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. पण सबब सांगायची तर ती ऐकणाऱ्याला पटावी लागते. चारशे माणसांच्या सरदाराला ती ताबडतोब पटली. म्हणजे ज्याच्या तांड्यात लेकरे आहेत त्याने लेकरांच्या चालीने चालावे, ही गोष्ट त्या काळीही वाद घालण्यासारखी नव्हती.

आज ती वादाची झाली आहे. आपल्यातले पुष्कळ जण म्हणतील, फादर, तुम्हाला मुले नाहीत म्हणून तुम्ही असे बोलता. मुलांच्या मर्जीने चालायचे ठरवले तर घराबाहेर पडणेच होणार नाही. आणि आजकालची मुले आधीच लाडावलेली, त्यांना राजे करून ठेवायचे का?

हा आक्षेप आम्हाला खरा वाटतो, पण तो चाल आणि दिशा यांत गल्लत करतो. याकोबाने लेकरांना विचारले नाही की कोणत्या गावी जायचे. ते त्याने ठरवले. कोठे जायचे, कधी झोपायचे, समुद्रात किती आत जायचे, आइस्क्रीम किती खायचे हे आईवडिलांनीच ठरवावे. तेथे मुलाने आकांडतांडव केले तरी ऐकू नये. मात्र किती वेगाने जायचे हे मुलाच्या पायांनी, पोटाने आणि झोपेने आधीच ठरवलेले असते. दिशा मुलाच्या हाती देणे हा लाड झाला. चाल मुलाची धरणे हा न्याय आहे, कारण जे देण्याची ताकद त्याच्या अंगात नाही ते आपण त्याच्याकडून मागत नाही.

न्याय हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, केवळ माया म्हणत नाही. बेत आखणारा माणूस इतरांच्या वतीने निर्णय घेत असतो. मोठ्यांना बेत पटला नाही तर ते बोलतात, रुसतात, येत नाहीत. लहान मुलाला यांतले काहीच करता येत नाही. त्याला उचलून गाडीत ठेवले की तो निघाला. ज्याला संमती देता येत नाही त्याच्यासाठी निर्णय घेणारा हा विश्वस्त असतो, आणि विश्वस्ताने दुसऱ्याची ठेव स्वतःच्या हौसेसाठी खर्च करायची नसते. मुलांसाठी म्हणून निघालेली सहल पुष्कळदा फोटोंसाठी आणि सोमवारी ऑफिसात सांगण्यासाठी होते. तशी ती करू नये असे नाही. मोठ्यांनाही हौस असते आणि त्यांनी ती उघडपणे मान्य करावी. पण मग, तुमच्यासाठीच एवढा खर्च केला आणि तुम्ही रडता, असे मुलांना ऐकवू नये.

याकोबाच्या बोलण्यातला दुसरा शब्दही विसरू नये. तो लेकरांबरोबर दूध पाजणाऱ्यांचाही विचार करतो. आपल्या सहलींत आई आदल्या रात्री बारापर्यंत पिशव्या भरते, पहाटे सर्वांआधी उठते, वाटेत ओकारी झाली तर ती पुसते, किनाऱ्यावर ओले कपडे पिळते आणि मुलाला खिमट भरवता भरवता तिचे स्वतःचे जेवण गार होते. दोन दिवसांनी ती घरी येते तेव्हा तिला विश्रांतीची गरज असते. तिची चाल बेतात कोठे धरलेली असते? नवरोबांनी याचे उत्तर आपल्या मनाशी द्यावे.

संत थॉमस विवेक या सद्गुणाचे अनेक घटक सांगतात. त्यांतला प्रमुख म्हणजे दूरवर पाहणे. लॅटिन भाषेत त्याला प्रोविदेन्शिया म्हणतात, आणि देव आपली जी काळजी वाहतो तिलाही हाच शब्द आहे. म्हणजे मुलासाठी बाटलीत उकळलेले पाणी आठवणीने भरून घेणारी आई आपल्या लहानशा मापाने देवाचेच काम करीत असते. पण थॉमस तेथे थांबत नाहीत. आजूबाजूला पाहणे आणि सावध असणे हेही ते विवेकातच घालतात. एरवी चांगली असलेली गोष्ट त्या वेळच्या परिस्थितीत चांगली राहत नाही. जंजिरा पाहणे चांगलेच. मे महिन्याच्या भर दुपारी, अंग तापलेल्या मुलाला कडेवर घेऊन जंजिरा पाहणे चांगले नाही. ज्याला बेत मोडता येत नाही त्याच्यापाशी दूरदृष्टी असेल, पण विवेक पुरा नाही.

समुद्र ही गोष्ट आपल्याला चांगली शिकवतो. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, भरती आली की बोट लागते. तेथे आपल्या घड्याळाला कोणी विचारत नाही. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. आपले कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून ती काढतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि सहा तास मागे-पुढे ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. हा अंदाज आहे, नेमका तक्ता पाहून घ्यावाच. पण तो न पाहता लोक गाडी वाळूत उतरवतात, आणि मग रुतलेल्या गाडीभोवती पाणी चढू लागते. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ती तर मोठी, जाणती मुले होती.

लूकच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग येथे आठवतो. सण आटोपून मरिया आणि योसेफ यरुशलेमहून परत निघाले, आणि एक दिवसाची वाट चालून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले की येशू बरोबर नाही. तो सोबतच्या लोकांत असेल असे त्यांना वाटले होते. नातेवाईक पुष्कळ, ओळखीचे पुष्कळ, कोणाबरोबर तरी असेलच. पवित्र कुटुंबाच्या बाबतीत जे घडले ते आपल्या बाबतीत घडणार नाही असे कोणी समजू नये. किनाऱ्यावर दहा मोठी माणसे असली की मुलाकडे दहा जणांचे लक्ष आहे असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येकाला वाटत असते की दुसरा पाहतो आहे. म्हणून नाव घेऊन ठरवावे, आता अर्धा तास मामा पाहील, त्याच्या हातात मोबाइल नसेल, नंतर आत्या. लहान मूल बुडताना पुष्कळदा ओरडतही नाही.

गाडीचेही तसेच. मुलाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसणाऱ्या आया आम्ही चर्चच्या फाटकातून बाहेर पडताना दर रविवारी पाहतो. आईच्या मांडीसारखी सुरक्षित जागा नाही असे आपण मानतो, आणि घरात ते खरेही आहे. पण ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगातली गाडी आदळली तर दहा किलोच्या मुलाचा झोका शेकडो किलोंचा होतो. तेथे आईचे हात टिकत नाहीत, प्रेम कितीही असो. त्या क्षणी जे आईला करता येत नाही ते पट्टा करतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. हा नियम दंडासाठी पाळावा असे आम्ही म्हणणार नाही. आणि चहाला उतरताना झोपलेल्या मुलाला, असू दे, पाच मिनिटांत येतो, म्हणून बंद गाडीत ठेवू नये. मे महिन्यात पाच मिनिटे फार असतात.

आता रविवारच्या मिस्साबद्दल, कारण हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो आणि विचारणारा थोडा घाबरलेला असतो. प्रवासात असल्याने रविवारचे कर्तव्य आपोआप सुटत नाही. मात्र चर्चचा कायदाही लेकरांची चाल ओळखतो. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. सात वर्षे पूर्ण न झालेल्या बालकाला हे बंधनच नाही. आणि तान्ह्या मुलाची देखभाल हे मिस्साला न येण्याचे गंभीर कारण म्हणून धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट नमूद आहे. तेव्हा बाळ आजारी असेल तर आईने अपराधी वाटून घेऊ नये. समुद्रस्नानाची वेळ चुकेल हे कारण मात्र त्या ग्रंथात नाही.

आमचे ऐकाल तर बेत अर्धा करावा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते. गाडी बोटीत चढते, पनवेल-वडखळचा वळसा वाचतो, आणि तासाभराच्या त्या प्रवासात मुलांना सीटवरून उठून समुद्र पाहता येतो. एक मुक्काम अलिबागच्या परिसरात करावा. दुसऱ्या दिवशी रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईला जावे. रेवदंड्यातला जुना तट पाहून वसईची मुले म्हणतील, हा तर आपल्याच किल्ल्यासारखा. आणि ते बरोबरच आहे. चौल आणि वसई ही दोन्ही पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांतातली ठाणी होती. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली आणि पुढच्या वर्षी चौलही त्यांच्याकडे गेले. सत्ता गेली, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीने आपली बोली सोडली नाही. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली ही भाषा आज साधारण हजारभर माणसेच बोलतात. तिला ते नो लिंग, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. आपल्या सामवेदी किंवा वाडवळी बोलीत मुलांशी बोलायला लाजणाऱ्या आईबापांनी तेथल्या अंगणात थोडा वेळ बसून यावे. मुले तोवर खड्डा खणतील.

कोर्लईच्या चर्चची प्रतिष्ठापना कार्मेल पर्वताच्या पवित्र मरियेच्या नावाने झालेली आहे. रविवारी सकाळी तेथे पोहोचणार असाल तर मिस्साची वेळ निघण्यापूर्वी फोन करून विचारून घ्यावी. किंवा शनिवारची संध्याकाळची मिस्सा येथे ऐकून रात्री मुलांना पोटभर झोपू द्यावे आणि रविवारी उजाडल्यावर निघावे. सोमवारची रजा मिळत असेल तर तेच बरे.