बलाईचंद्र दत्त

नौदलातला दिवंगत माणूस म्हटलं की पदकं, सलामी, गणवेशातला फोटो आठवतो. बलाईचंद्र दत्त यांच्या वाट्याला यातलं फारसं काही आलं नाही. ते तारायंत्रावरचे खलाशी. दुसरं महायुद्ध संपल्यावर मुंबईच्या ‘तलवार’ तळावर त्यांनी आणि साथीदारांनी रात्री भिंतींवर ‘भारत छोडो’ रंगवलं. फेब्रुवारी 1946 मध्ये दत्त पकडले गेले.

18 फेब्रुवारीला तळावरच्या खलाशांनी निकृष्ट जेवण नाकारलं. निमित्त जेवणाचं, राग मात्र गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्यांचाही. बंड कराचीपर्यंत पोचलं, हजारो खलाशी सामील झाले. मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर आले, परळमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळीबारात गेल्या. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून खलाशांनी 23 तारखेला शरणागती पत्करली.

पुढच्याच वर्षी स्वातंत्र्य आलं. पण बंडामुळे बडतर्फ झालेल्या खलाशांना नौदलाने परत घेतलं नाही. शिस्तीचा मुद्दा समजतो, तरी हे मला खटकतंच. दत्त मुंबईतच राहिले. आधी पत्रकारिता, मग जाहिरात क्षेत्र. पंचवीस वर्षांनी त्यांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, त्यात स्वतःइतकीच सोबत्यांचीही कहाणी आहे.