देवमाशाच्या हाडाची गदा आणि रानटीपणाचा शिक्का

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटावर राहणारे नू-चाह-नुल्थ लोक देवमाशाच्या हाडातून चपट्या गदा कोरत. मुठीच्या टोकाला पक्ष्याचे डोके असे, कधी त्यात शिंपल्याचा चमकता तुकडा बसवलेला. 1778 मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक या बेटाच्या नूटका खाडीत आला आणि त्याच्या जहाजांतून अशा गदा इंग्लंडात गेल्या. पुढे अशा शस्त्रांवरून त्यांच्या कर्त्यांवर रानटीपणाचा शिक्का बसला.

गदा हे शस्त्रच होते. युद्धात पकडलेल्यांना हे लोक गुलाम करत, आणि गुलामी तिथेही अन्यायच होती. कोरीव कामाची वाखाणणी करताना एवढेच गाळणारा रसिक प्रामाणिक नव्हे. पण कुकच्या देशातील व्यापारीही त्या काळी आफ्रिकी माणसे विकत होते. ब्रिटनने त्या व्यापारावर कायद्याने बंदी घातली ती 1807 मध्ये. शिक्का मारायचाच तर दोघांनाही एकच माप लावा.

मग प्रत्येक समाजाची रूढी पवित्र मानायची का? मुळीच नाही. एक उदाहरण पाहा. 1785 च्या अखेरीस समुद्री ऊदमांजरांच्या कातड्यांसाठी मुंबईहून दोन जहाजे नूटकाकडे निघाली. त्या मोहिमेत अलेक्झांडर वॉकर हा तरुण लष्करी अधिकारी होता. नूटकाच्या लोकांविषयी त्याने बारकाईने लिहून ठेवले. पुढे बडोद्यात ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट असताना त्याने काठियावाडातील जाडेजा प्रमुखांकडून मुलींची हत्या थांबवण्याचे लेखी करार घेतले. करारांमागे कंपनीची सत्ता होती, आणि केवळ करारांनी ती प्रथा संपलीही नाही. तरीही वॉकरचे बरोबर होते. नवजात मुलीचा जीव घेणाऱ्या चालीला पूर्वजांचा आधार पुरत नाही.

कॅनडाच्या सरकारनेही सुधारणेचेच नाव घेतले. 1885 ते 1951 या काळात पॉटलॅच हा तिथे गुन्हा होता. त्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या या सोहळ्यात यजमान आपले नाव, नाते आणि हक्क साक्षीदारांसमोर जाहीर करतो व पाहुण्यांना संपत्ती वाटतो. मिशनऱ्यांना ती उधळपट्टी वाटली. पण आपली संपत्ती आपल्या हाताने वाटणाऱ्याला तुरुंग दाखवणे ही सुधारणा कशी? एका कायद्याने मुलीचा जीव वाचतो, दुसऱ्याने माणसांचा मान जातो. हा भेद ज्याला करता येत नाही, त्याने सुधारक म्हणवू नये.

नू-चाह-नुल्थ आजही त्याच किनाऱ्यावर राहतात. संग्रहालयांनी गदांखालची पाटी त्यांना विचारून लिहावी. तिच्यावर कारागीर यावा, युद्ध यावे, गुलामही यावेत. त्यांनी एखादी गदा परत मागितली, तर ती मागणी त्यांच्याशी बरोबरीने बसून ऐकावी.