लांबीखालचा गंज

शास्त्रपाठ : लेवीय १४:३३-४८

लेवीयाच्या पुस्तकातील हा भाग आपल्या उपासनेत क्वचितच वाचला जातो. शब्बाथशाळेचे शिक्षक तर तेराव्या-चौदाव्या अध्यायावरून हळूच पुढे सरकतात. आम्हीही बरीच वर्षे तेच केले. डिप्लोमाच्या परीक्षेत यावर प्रश्न आला होता. उत्तर लिहिले, गुण मिळवले आणि विसरलो. हा अध्याय आम्हांला समजला तो एका जुन्या मोटारीखाली उताणे पडल्यावर. म्हणून आधी मोटारीविषयी.

आमच्या घरी बेळगावात १९५१ सालची विलीज स्टेशन वॅगन आहे. वडिलांनी ती १९७४ साली जुनी म्हणूनच घेतली. रेल्वे स्टेशनवरून माणसे आणि सामान वाहून नेणारी गाडी ती स्टेशन वॅगन, नाव अमेरिकेतले. पूर्वी तिकडे अशा गाड्यांचा मागचा भाग लाकडाचा असे. पावसाने लाकूड फुगे, सांधे कुरकुरत, वरचेवर वॉर्निश लावावे लागे. १९४६ साली ओहायो राज्यातील टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड कंपनीने ब्रुक्स स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून सबंध पोलादी पत्र्याची वॅगन बाजारात आणली. कंपनीजवळ पैसा बेताचा. तेव्हा घरगुती उपकरणांचा पत्रा दाबणाऱ्या कारखान्यांना जमेल असाच आकार ठेवला, खोल वळणे नाहीत, सगळे सपाट आणि कोनदार. गंमत अशी की त्या पत्र्यावर लाकडी चौकटीसारखे उठाव काढून वर लाकडासारखा रंग दिला. लोकांच्या डोळ्यांना लाकडाची सवय होती ना! आमच्या गाडीचे चार सिलिंडरचे २.२ लिटरचे इंजिन जुन्या महिंद्र जीपच्याच घराण्यातले, म्हणून सुटे भाग कोल्हापूर-हुबळीच्या जुन्या बाजारांत फिरले की अजून सापडतात.

या गाडीतून वडील नाताळात आसपासच्या खेड्यांत शब्बाथशाळेची मुले घेऊन जात. मागे दहा-बारा मुले कोंबलेली, टपावर पेटी आणि तबला. वडील २०१९ मध्ये प्रभूकडे गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. २०२३ च्या उन्हाळ्यात मुलगा म्हणाला, "आपणच करू या." तेव्हापासून आमच्या घरी शनिवार गाडीचा. गंजलेले नटबोल्ट रात्रभर डिझेलमध्ये भिजत ठेवायचे, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून वर चिठ्ठी चिकटवायची. आमच्या आईने सीटची कव्हरे शिवायला घेतली (अजून पुरी झालेली नाहीत). धाकटीकडे मात्र सगळ्यांत मानाचे काम होते : चुंबक.

हे काम शिक्षकांनी आपल्या वर्गात सांगण्यासारखे आहे. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला फुगे येतात. घाईत असलेला माणूस तो फुगा घासतो, वर लांबी भरतो, पॉलिश पेपर मारतो आणि रंग देतो. डोळ्यांना काही दिसत नाही. पण लांबीखाली ओल धरून राहते आणि गंज आतल्या आत चरत जातो. चुंबकाला रंग दिसत नाही. पत्र्यावर तो टपकन बसतो, जाड लांबीवर बसत नाही. धाकटी गाडीभोवती चुंबक फिरवी आणि जेथे तो घसरे तेथे खडूने गोल काढी.

ड्रायव्हरच्या सीटमागे, जेथे मुले पाय ठेवून बसत, तेथे चुंबक बसेना. मुलाने छिन्नीने लांबी उचकटली. खाली डांबर. डांबराखाली तेलाच्या डब्याचा सपाट केलेला पत्रा, रिबिटांनी ठोकलेला. आणि त्याच्याखाली काहीच नाही. मुलाने बोट घातले ते खाली बाहेर निघाले.

"पप्पा, हे कुणी केलंय?"

ते आम्ही केले होते. २००६ साली, बहिणीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात. तळाचा कुजलेला पत्रा कापून नवा घालण्यासाठी वडिलांनी आमच्या हाती पैसे दिले होते. त्यांतले बरेचसे आम्ही लग्नाच्या सुटाला लावले, आणि एका दुपारी हे ठिगळ मारून वडिलांना सांगितले, "मिस्त्रींनी केलं." त्यानंतर कित्येक नाताळ लोकांची लेकरे त्या ठिगळावर पाय ठेवून बसली.

मुलाला आम्ही उत्तर दिले, "जुन्या मिस्त्रींनी केलं असेल."

ते मिस्त्री आता हयात नाहीत. पण वेल्डिंगला आलेले मिस्त्री त्यांचेच चिरंजीव. शेजारीच उभे होते. ते खाली बसले, रिबिटांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "सर, अब्बा रिबिट मारत न्हवते." एवढेच बोलून गॅस पेटवायला गेले.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब बाहेरगावी जाणार होते आणि उपदेश आमच्याकडे होता. विषय दाविदाच्या पश्चात्तापाचा. शमुवेलाचे दुसरे पुस्तक काढून बसलो आणि अकराव्या अध्यायातच अडलो. उरीया मेल्याचा निरोप आला तेव्हा दाविदाने काय केले? लढाईत तलवार कोणालाही खाते, असे म्हणून दोष लढाईवर टाकला आणि यवाबाला धीर द्यायला सांगितले. मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही, हे दाविदाला ठाऊक होते. आम्हांलाही ठाऊक होते.

त्या रात्री पाने चाळताना लेवीय चौदावा समोर आला. घराच्या भिंतीवर चट्टा पडतो, लालसर किंवा हिरवट, पृष्ठभागाहून खोल. आम्हांला तो तळाचा पत्राच दिसला. पण खरे थांबलो ते पस्तिसाव्या वचनाशी. चट्टा शोधायला याजक घरोघर हिंडत नाही. ज्याचे घर, त्यानेच याजकाकडे जाऊन सांगायचे की माझ्या घरात असे काही दिसते आहे. शेजाऱ्याने नाही, नोकराने नाही.

आणि पुढे पाहा, देव किती सांभाळून घेतो. याजक येण्याआधी घर रिकामे करायचे, म्हणजे आतली भांडीकुंडी अशुद्ध ठरू नयेत. गरिबाच्या मडक्यांचीही नियमशास्त्राला काळजी! मग सात दिवस वाट पाहणे. मग फक्त बाधलेले चिरे काढून नगराबाहेर टाकणे, भिंत खरवडणे, दुसरे चिरे, दुसरा गिलावा. घर पाडणे अगदी शेवटी, चट्टा पुन्हा उमटला तरच. यहेज्केल तेराव्या अध्यायात ज्यांच्यावर देवाचा कोप आहे ते खोटे संदेष्टे नेमके उलटे करतात : कच्च्या भिंतीला वरून सफेती देतात, आणि पहिल्या मुसळधार पावसात भिंत येते खाली. बेळगावच्या पावसाळ्यात राहणाऱ्यांना हा दाखला फोड करून सांगायला नको.

आपल्या मंडळ्यांतही सफेती कमी नाही. जुबिली जवळ आली की पंचकमिटीतले दोन पिढ्यांचे भांडण रंगवून घेतले जाते, दोघांना शेजारी बसवून फोटो काढला जातो. हिशेबातली जुनी तफावत 'मागील कार्यकारिणीची' म्हणून पुढे लिहिली जाते. मागील कार्यकारिणीतले निम्मे लोक कबरस्तानात असतात. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुले हे पाहतात. त्यांच्या हातात चुंबक असतो.

रविवारपर्यंत थांबलो असतो तर व्यासपीठावरून गोल गोल बोलून मोकळे झालो असतो. शनिवारी सकाळीच शेडमध्ये सर्वांना बोलावले आणि सांगितले, सुटासकट सगळे. मिस्त्रींची क्षमा मागितली. त्यांच्या वडिलांवर आम्ही दोनदा आळ घेतला होता, एकदा जिवंतपणी.

मुलाने एकच विचारले, "आजोबांना कधी कळलं?"

"नाही."

तो बाहेर निघून गेला. मिस्त्री म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं, सर. पोरासमोर काय बोलायचं?" मग रिबिटे छाटून त्यांनी ते ठिगळ आमच्या पायांशी टाकले. बोटभर भोकाभोवतीचा पत्रा हातोडीच्या टोकाने ठोकत गेले. जेथे पक्का आवाज येईल तेथे कापायचे होते.

तासाभराने मुलगा आत आला. काही बोलला नाही. फळीवरचा खडू उचलून त्याने आमच्या हातात दिला. आम्ही गुडघ्यांवर बसून भोकापासून चार बोटांवर रेघ मारली.

"अजून पुढं, सर," मिस्त्री म्हणाले.